ईस्टावर आलात, जोडीदार अमेरिकन सिटिझन आहे आणि आता इथेच राहायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात मी कागदपत्रं जुळवायचं काम करते. मी वकील नाही. मराठी बोलते म्हणून मराठी घरांमधले फोन माझ्याकडे वळवले जातात, एवढंच. त्या फोनांवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. ईस्टा म्हणजे व्हिसा वेव्हर योजनेखाली, व्हिसा न काढता ९० दिवसांपर्यंत अमेरिकेत फिरायला यायची ऑनलाइन परवानगी. फी आणि नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाचं पाकीट पाठवायच्या आठवड्यात यूएससीआयएसच्या, म्हणजे ग्रीन कार्डचे अर्ज तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या साइटवर आकडे स्वतः तपासा.

आमच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. आम्हाला ईस्टा मिळतो का?

नाही. व्हिसा वेव्हर योजनेत ४२ देश आहेत आणि भारत त्यात नाही. भारतीय पासपोर्टवर आलेला पाहुणा बी-२ या पर्यटक व्हिसावर येतो. त्याचे नियम बरेचसे मिळतेजुळते आहेत, पण एक मोठा फरक आहे आणि तो खाली येईलच.

मग हे पान मराठीत कशाला? कारण लेस्टरला वाढलेली डॉक्टर मुलगी, म्युनिकमध्ये स्थायिक होऊन जर्मन नागरिक झालेला इंजिनिअर, मेलबर्नचा भाचा, आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मले म्हणून पोर्तुगालचा पासपोर्ट घेतलेला मडगावचा मुलगा, ही सगळी आपलीच माणसं आहेत. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल, सिंगापूर हे देश योजनेत आहेत. यांतल्या कितीतरी जणांची लग्नं अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलामुलींशी होतात. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाचा इथे काही संबंध नाही. अमेरिकेच्या लेखी तुम्ही ज्या देशाचा पासपोर्ट दाखवलात त्या देशाचे.

ईस्टावर आलेल्याला इथून ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो का? एजंट म्हणाला अजिबात नाही.

एजंटचं अर्धं बरोबर आहे. व्हिसा वेव्हरवर आलेल्याला मुक्काम वाढवून मिळत नाही, दुसऱ्या व्हिसाचा दर्जा इथे बसून घेता येत नाही आणि ग्रीन कार्डसाठीही इथून अर्ज करता येत नाही. पण याच कायद्यात एक अपवाद आहे: अमेरिकन नागरिकाचे अगदी जवळचे नातेवाईक. म्हणजे नवरा किंवा बायको, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आणि नागरिक मुलगा-मुलगी २१ च्या पुढे असेल तर त्यांचे आईवडील. यांना इथूनच अर्ज करता येतो. जोडीदार नागरिक आहे ना, ही सगळ्यात पहिली अट.

माझ्या नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, सिटिझनशिप नाही. चालेल?

चालणार नाही. ग्रीन कार्डधारकाची बायको या अपवादात बसत नाही. तुमच्यासाठी आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) भरून ठेवता येईल, पण पुढची पायरी इथून नाही. ९० दिवसांच्या आत परत जायचं आणि परदेशातल्या दूतावासातून व्हिसा घ्यायचा. नवरा नागरिक झाला की तीच फाइल वरच्या वर्गात जाते, म्हणून त्याचा नागरिकत्वाचा अर्ज लांबवू नका.

नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. ईस्टावर येऊन एच-४, म्हणजे त्याच्या जोडीदाराचा व्हिसा, करता येईल?

इथे राहून नाही. तुमच्या देशातल्या अमेरिकन दूतावासात जाऊन एच-४ चा व्हिसा घ्या आणि मग या.

लग्न झाल्यावर इथेच राहायचं ठरवून ईस्टावर यायचं. त्यात वाईट काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि बहुतेकांना हवं असलेलं उत्तर मी देत नाही. विमानतळावर अधिकारी विचारतो, कशासाठी आलात, किती दिवस. तुम्ही म्हणता, फिरायला, तीन आठवडे. बॅगेत मात्र जन्मदाखल्याची मूळ प्रत, लग्नाचं प्रमाणपत्र, लसीकरणाची यादी आणि पाच वर्षांचे टॅक्सचे कागद. त्याने बॅग उघडली तर तुम्ही तिथूनच परत. आणि तुम्ही खोटं बोललात अशी नोंद झाली तर त्याचं नाव 'फसवणूक किंवा खोटी माहिती'. त्यावरची बंदी आयुष्यभराची असते. आय-६०१ नावाची माफी मागता येते, पण ती मिळेलच असं नाही.

आता दुसरी बाजू. येताना माणूस खरंच महिनाभरासाठी आला आणि इथे आल्यावर ठरवलं की आता राहायचंच, तर तो गुन्हा नाही. १९८० च्या काव्हाझोस आणि १९८१ च्या इब्राहिम या दोन प्रकरणांत इमिग्रेशन अपील मंडळाने सांगितलंय की जवळच्या नातेवाइकाचा अर्ज केवळ 'आधीपासून मनात होतं' एवढ्या कारणावरून नाकारू नये. लोक हे वाचतात आणि खूश होतात. पण 'मनात होतं' आणि 'काउंटरवर खोटं सांगितलं' यात फरक आहे. त्या निर्णयांचं पांघरूण पहिल्यावर आहे, दुसऱ्यावर नाही.

म्हणून जे आधीच ठरवून बसलेत त्यांना मी सांगते, ईस्टाच्या वाटेला जाऊच नका. आय-१३० भरा, लंडनच्या दूतावासातून किंवा फ्रँकफर्टच्या वाणिज्य दूतावासातून व्हिसा घ्या आणि हक्काने या. वेळ जास्त लागतो, पण रात्री झोप लागते.

तो ९० दिवसांचा नियम म्हणतात तो काय? आल्यावर ९० दिवस थांबून मग अर्ज करायचा ना?

दोन वेगवेगळ्या नव्वदींची इथे खिचडी होते. एक नव्वद म्हणजे ईस्टाचा मुक्काम. दुसरी नव्वद परराष्ट्र खात्याची: आल्यापासून ९० दिवसांत सांगितलेल्या हेतूच्या उलट वागलात, तर हेतू पहिल्यापासून खोटा होता असं व्हिसा अधिकारी धरू शकतो. २०१७ च्या सप्टेंबरपर्यंत तिथे ३० आणि ६० दिवसांचा नियम होता. हा नियम दूतावासातल्या अधिकाऱ्यांसाठी आहे. ग्रीन कार्डचा अर्ज तपासणाऱ्या यूएससीआयएसला तो बांधील नाही, ते सगळी परिस्थिती बघतात.

गंमत बघा. दुसरी नव्वद टाळायला जो ९० दिवस थांबतो, त्याची पहिली नव्वद संपते. व्हिसा वेव्हरवाल्याला हा सल्ला देणारा माणूस बी-२ व्हिसावरचं ज्ञान वाटत असतो.

९० दिवस संपल्यावर अर्ज केला तर?

इथे जरा दम धरून वाचा. व्हिसा वेव्हर म्हणजे व्हिसातून माफी, पण ती फुकट मिळत नाही. ईस्टा भरताना तुम्ही एक हक्क सोडून देता: हाकलून देण्याची वेळ आली तर इमिग्रेशन न्यायाधीशापुढे उभं राहून झगडण्याचा हक्क. आश्रय मागणं सोडलं तर काही म्हणता येत नाही. बी-२ व्हिसावर आलेल्याला ही सुनावणी मिळते. वर म्हटला तो मोठा फरक हाच.

९० दिवस उलटून गेल्यावरही नागरिकाच्या जोडीदाराला कायद्याने अर्ज करता येतो. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये यूएससीआयएसने तसं लेखी धोरणही काढलं, की हद्दपारीचा आदेश निघालेला नसेल तर असे अर्ज तपासावेत. त्यामुळे बरीच वर्षं 'सिटिझनशी लग्न आहे ना, मग ओव्हरस्टेची (मुदतीपलीकडे राहिल्याची) काळजी नको' असं लोक सांगत आले. पण २००८ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) संघीय अपील कोर्टाने मोमेनी खटल्यात म्हटलं होतं की ९० दिवसांनंतर केलेल्या अर्जाची ढाल हद्दपारीसमोर टिकत नाही. त्यातला माणूस जर्मन नागरिक होता आणि त्याची बायको अमेरिकन. २००६ च्या फ्रीमन खटल्यात याच कोर्टाने मुदतीत अर्ज केलेल्या विधवेच्या बाजूने निकाल दिला होता. मुदतीच्या आत की बाहेर, यावर दोघांची वाट वेगळी झाली.

आणि हे पुस्तकी राहिलेलं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन डिएगोत ग्रीन कार्डच्या मुलाखतीलाच आलेल्या, मुदत उलटलेल्या जोडीदारांना अटक झाल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा मुदत संपली असेल तर पहिला फोन मला किंवा मावशीच्या ओळखीतल्या कुणाला करू नका. इमिग्रेशन वकिलाला करा, आणि तोही कुठलाही फॉर्म पाठवण्याआधी.

पाकीट ८८ व्या दिवशी पोस्टात टाकलं. मुदतीत झालं ना?

टपालाचा शिक्का धरत नाहीत. यूएससीआयएसच्या पत्त्यावर पोचून अर्ज स्वीकारला गेला, ती तारीख खरी. आणि सही राहिली, फी चुकली, फॉर्मची जुनी आवृत्ती वापरली तर अख्खं पाकीट परत येतं आणि ती तारीख हातची जाते. एका जोडप्याने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सवयीप्रमाणे चेक जोडला. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी चेक घेत नाहीत, क्रेडिट कार्डासाठी जी-१४५० किंवा बँक खात्यातून भरायला जी-१६५० हा फॉर्म लागतो. पाकीट परत आलं तोवर नव्वदी उलटली होती.

आमचा ऑफिसातला नेम असा: साठाव्या दिवसाच्या आत पाकीट बाहेर.

नव्वदाव्या दिवसाची तारीख नेमकी कशी काढायची?

बोटं मोजू नका. सीमेवर तपासणी करणाऱ्या सीबीपी खात्याच्या साइटवरून तुमचा आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, काढा. त्यावर दर्जा 'डब्ल्यूटी' असा असेल आणि मुक्कामाची शेवटची तारीख छापलेली असेल. ते पान प्रिंट करा, अर्जालाही जोडावं लागतं.

नायगरा ओलांडून कॅनडात दोन दिवस राहून आलं की ९० दिवस नव्याने सुरू होतात का?

नाही. कॅनडा, मेक्सिको आणि जवळच्या बेटांची छोटी सहल त्याच ९० दिवसांत धरतात. ही युक्ती आपल्याकडे दर उन्हाळ्यात कुणीतरी नव्याने शोधून काढतं. सीमेवरून परत आत सोडतीलच असंही नाही.

आमचं लग्न अजून व्हायचंय. ती ईस्टावर आलीय. इथे कोर्ट मॅरेज करता येईल?

येईल. लग्न करायला कुठल्या व्हिसाची अट नाही. न्यू जर्सीत लायसन्स अर्ज केल्यावर ७२ तासांनी मिळतं, न्यूयॉर्कमध्ये लायसन्स मिळाल्यावर २४ तास थांबून लग्न लावता येतं. पुढे पुण्याला हॉल घेऊन सगळ्या नातेवाइकांसमोर मंगलाष्टका म्हणायच्या असतील तर खुशाल म्हणा, पण अर्जावर तारीख लिहायची ती कायदेशीर लग्नाची. दोन तारखा दोन फॉर्मवर गेल्या की मुलाखतीत अर्धा तास तेवढ्यावरच जातो.

येण्याआधीच ठरलं असेल तर मंगेतरांसाठी के-१ व्हिसा असतो. तो या प्रश्नांच्या बाहेरचा विषय.

आम्ही दोघं पुरुष आहोत. भारतात आमचं लग्न मानत नाहीत. इथे अडचण येईल?

यासाठी येणार नाही. लग्न जिथे लावलं तिथल्या कायद्याने वैध असलं पाहिजे, आणि अमेरिकेचं संघराज्य २०१३ पासून समलिंगी लग्नाला बाकीच्या लग्नांसारखंच धरतं. न्यू जर्सीत लायसन्स काढा, बाकी सगळी प्रक्रिया तीच.

कुठले फॉर्म आणि एकूण खर्च किती?

नागरिक जोडीदार आय-१३० भरतो, त्याची फी कागदावर ६७५ डॉलर, ऑनलाइन ६२५. सोबत आय-१३०ए, तो पाहुण्या जोडीदाराच्या माहितीचा. पाहुणा जोडीदार आय-४८५, म्हणजे खुद्द ग्रीन कार्डचा अर्ज, भरतो, १,४४० डॉलर. काम करायची परवानगी हवी तर आय-७६५, २६० डॉलर. बाहेर जाऊन परत यायची परवानगी आय-१३१ वर, ६३० डॉलर. सगळं घेतलं आणि कागदावर भरलं तर ३,००५ डॉलर. वकील आणि डॉक्टर वेगळे.

डॉक्टर म्हणजे सिव्हिल सर्जन, यूएससीआयएसच्या यादीतला. आपल्या ओळखीचे देशपांडे डॉक्टर चालत नाहीत, ते कितीही चांगले असले तरी. तो आय-६९३ हा वैद्यकीय तपासणीचा फॉर्म भरून बंद पाकिटात देतो आणि २ डिसेंबर २०२४ पासून तो आय-४८५ सोबतच पाठवायचा असतो. लसींचे दाखले बरोबर न्या, नाहीतर लहानपणी घेतलेल्या लसी पुन्हा दंडावर घेऊन याल.

मग आय-८६४, म्हणजे आर्थिक हमी. नागरिक जोडीदाराची कमाई दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवी. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे दोघांच्या घराला वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर लागत होते. कॉलेज नुकतंच संपवलेल्या मुलांचा इथे गाडा अडतो. अशा वेळी सासरे किंवा दुसरा कुणी नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक जोड-हमीदार होऊ शकतो. त्यांना आधी नीट समजावून सांगा, कारण घटस्फोट झाला तरी ही हमी संपत नाही.

जन्मदाखल्यावर नाव नाही, नुसतं 'मुलगी' लिहिलंय. आणि नावंही सगळीकडे वेगळी आहेत.

परदेशी पासपोर्ट असला तरी जन्म सातारचा किंवा सावंतवाडीचा असतो, आणि मग हा गोंधळ येतोच. नाव नसलेला दाखला असेल तर नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव घालून नवीन प्रत घ्या. नोंदच सापडत नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला तिथून घ्यायचा आणि जोडीला शाळा सोडल्याचा दाखला, जन्माची माहिती असलेल्या मोठ्या माणसांची प्रतिज्ञापत्रं. हे काम भारतातल्या माणसाच्या पायांवर होतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात काकांना फोन लावा.

नावांचं तर विचारू नका. अमेरिकन अधिकाऱ्याला मधलं नाव म्हणजे शोभेचं नाव वाटतं. आपल्याकडे लग्नाआधी मधे वडील, लग्नानंतर मधे नवरा, आडनाव बदललेलं आणि एखाद्या घरात पहिलं नावही बदललेलं. त्याला एका बाईच्या जागी तीन बाया दिसतात. फॉर्ममध्ये 'वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो, त्यात दाखल्यांवर आलेलं प्रत्येक रूप लिहा, स्पेलिंगच्या फरकासकट. गोव्याच्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांनी तर लिस्बनच्या नोंदीतलं नाव आणि गोव्याच्या दाखल्यातलं नाव आधीच शेजारी ठेवून बघावं.

मराठी किंवा पोर्तुगीज कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्याने 'हे पूर्ण व अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात' असं लिहून सही करायची. नोटरीची गरज नाही. गोल शिक्कासुद्धा सोडायचा नाही, त्यावर काय लिहिलंय तेही भाषांतरात यायला हवं.

लग्न खरं आहे हे कसं दाखवायचं? आम्ही सासू-सासऱ्यांकडे राहतो, भाडेकरार नाही, वीजबिल बाबांच्या नावावर.

चारशे पाहुण्यांच्या लग्नाचा अल्बम लोक मोठ्या विश्वासाने आणतात. अल्बमने लग्नाचा दिवस सिद्ध होतो. अधिकाऱ्याला त्यानंतरचे दिवस बघायचे असतात. सासऱ्यांकडून 'हे दोघं आमच्याकडे राहतात' असं पत्र घ्या, त्यांच्या घराच्या कागदाची प्रत जोडा. दोघांच्या नावावर बँक खातं उघडा आणि ते वापरा, नुसतं शंभर डॉलर टाकून ठेवू नका. गाडीच्या आणि आरोग्याच्या विम्यात नाव घाला. लग्नाआधी एकमेकांना भेटायला केलेल्या प्रवासाची तिकिटं ठेवा. फोटो थोडे, पण वेगवेगळ्या ऋतूंतले आणि घरच्यांबरोबरचे.

मुलाखतीत प्रश्न साधे असतात: काल रात्री स्वयंपाक कुणी केला, पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं. ठरवून आलेलं लग्न असेल तर सरळ सांगा, स्थळ कुणी आणलं, पहिल्यांदा कुठे भेटलात. लाजून प्रेमविवाहाची गोष्ट रचणारं जोडपं मी पाहिलंय. नवऱ्याची गोष्ट कॉफी शॉपमधली निघाली, बायकोची लायब्ररीतली.

अर्ज टाकलाय. आता नोकरी करू का? घरून लंडनच्या कंपनीचं काम चालू ठेवू?

कामाचं परवानगी-कार्ड हातात येईपर्यंत थांबा, त्याला काही महिने लागतात. परदेशी कंपनीचं काम घरून करणं हाही सुरक्षित कोपरा नाही. नागरिकाच्या जोडीदाराला परवानगीविना केलेलं काम ग्रीन कार्डाच्या आड येत नाही, हे खरं. पण व्हिसा वेव्हरवाल्याने आपल्या विरुद्ध कागद वाढवून का घ्यावेत?

आजी अत्यवस्थ आहे. चार दिवस पुण्याला जाऊन येऊ का?

आय-१३१ ची परवानगी हातात नसताना देश सोडला की आय-४८५ सोडून दिल्यासारखं धरतात. परत यायला ईस्टा उपयोगी पडत नाही, कारण आता तुमचा हेतू सरकारी कागदावर आहे. मुदत उलटून १८० दिवसांहून जास्त काळ अर्जाविना काढला असेल तर बाहेर पाऊल टाकताच तीन वर्षांची बंदी लागू शकते, वर्ष उलटलं असेल तर दहा वर्षांची. आणि एकदा ओव्हरस्टे झाला की व्हिसा वेव्हर पुढे वापरता येत नाही, प्रत्येक वेळी व्हिसा काढावा लागतो. तातडीच्या कारणासाठी परवानगी लवकर मागता येते, हॉस्पिटलचं पत्र मागवून घ्या आणि वकिलाला त्याच दिवशी सांगा. हा फोन घेणं मला सगळ्यात जड जातं.

मी आजारी पडलो आणि विमान चुकलं. मुदत दोन दिवसांवर आहे, अर्ज वगैरे करायचा नाही, फक्त परत जायचंय.

अशा अडचणीत ३० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. मुदत संपण्याआधी मागा, डॉक्टरांचे कागद जोडा.

बायकोला पहिल्या लग्नाचा मुलगा आहे. तोही ईस्टावर आलाय.

मुलगा १८ वर्षांचा होण्याआधी तुमचं लग्न झालं असेल तर तो तुमचा सावत्र मुलगा म्हणून धरला जातो. तो २१ च्या खाली आणि अविवाहित असेल तर त्यालाही हाच अपवाद लागू आहे. त्याच्यासाठी वेगळा आय-१३० आणि वेगळा आय-४८५. आईच्या फाइलमध्ये त्याचं नाव लिहिलं म्हणून त्याचा अर्ज होत नाही.

अर्ज नाकारला तर अपील?

आय-२९०बी भरून फेरविचार मागता येतो. बी-२ वाला माणूस न्यायाधीशापुढे अर्ज नव्याने मांडू शकतो, तुम्हाला तो दरवाजा सहसा बंद असतो. मी पाकीट बंद करण्याआधी सह्या तीनदा तपासते ती यासाठी.

कार्ड आलं, पण दोनच वर्षांचं आहे. काही चुकलं का?

काही चुकलेलं नाही. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर सशर्त कार्ड देतात. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ती शर्त काढायचा अर्ज, भरायचा, फी ७५० डॉलर. हो, पुन्हा एक नव्वदी. ती आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, फ्रिजवरच्या कालनिर्णयावर लिहिलीत तरी चालेल.